जाणारे दहा, येणारे शून्य

आमच्या टीव्हीशेजारी एक जुना लॅपटॉप पाच वर्षं अखंड चालू आहे. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर गावची वीज जाते तेवढा वेळ सोडला तर त्याला विश्रांती नाही. त्याला हार्ड डिस्कचा एक काळा डबा जोडलेला आहे आणि शेजारी राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत असतात. या सगळ्यावर विणलेला रुमाल घालायची माझी फार इच्छा होती, पण मुलीने बजावलं होतं, आई, ते गरम होईल. घरी आलेला पाहुणा हटकून विचारतो, हे काय आहे हो? मी सांगते, बिटकॉइनचा नोड. पाहुण्याचे डोळे चकाकतात. मग मी सांगते की यातून दमडी मिळत नाही. डोळे विझतात आणि मी चहा ठेवायला उठते.

हे यंत्र मुलीने बसवलं. लॉकडाऊनमध्ये तिची कंपनी बंद झाली नाही, पण बंगळूरचं ऑफिस बंद झालं, म्हणून ती दीड वर्ष आमच्याकडे येऊन राहिली. तिच्या खोलीतून दिवसभर इंग्रजी ऐकू यायचं आणि जेवायला बसली की आमची बोली. एका रविवारी तिने हा लॅपटॉप मांडला आणि मला समोर बसवून समजावलं. जगभर हजारो लोकांनी आपापल्या घरी अशी यंत्रं ठेवली आहेत, सगळ्यांकडे एकाच मोठ्या वहीची प्रत आहे. नवं पान आलं की एक यंत्र दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला. मध्ये बँक नाही, कचेरी नाही.

"आणि आई, यात मधे ऑपरेटर बी नसते," ती हसत म्हणाली. "ज्याले बोलायचं असते तो सरळ दुसऱ्याच्या दारी जाते."

हे ती मुद्दाम म्हणाली होती. मी टेलिफोन ऑपरेटर होते.

मी नोकरीला लागले तेव्हा पांढुर्ण्याच्या एक्सचेंजमध्ये हाती चालणारा बोर्ड होता. कोणी फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबरची पत्र्याची झडप खट्‌कन पडायची. मी कॉर्ड लावायची, विचारायची, हां, बोला. ट्रंक कॉल असला तर बुक करायचा आणि वाट बघायची. नंबर सांगितला की पलीकडचा ऑपरेटर तो परत म्हणून दाखवायचा. तसा दाखवला नाही तर समजायचं, ऐकलं नाही. कॉल लागला की तीन मिनिटं मिळायची. तीन मिनिटं झाली की आम्ही लोकांच्या बोलण्यात तोंड घालून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचे का?" संत्र्यांचे व्यापारी नागपूरचा भाव कळला की नाही म्हणून मोकळे व्हायचे. लेकी सासरी दिलेल्या बाया मात्र काहीच बोलायच्या नाहीत, नुसत्या नाक ओढायच्या. त्यांना मी न विचारता मिनिटभर जास्त देत असे. नोकरीत एवढंच पाप केलं.

पुढे बदली सौंसरला झाली. मुलगी लहान होती, शाळा सुटली की माझ्या खुर्चीमागे येऊन बसायची. ते तीन मिनिटांचं वाक्य तिने तिथेच उचललं. घरी आम्हा नवराबायकोची जुंपली की ती दारात उभी राहून तंतोतंत माझ्या आवाजात विचारायची, "तीन मिनिटं झाली, वाढवायचे का?" भांडण तिथेच मिटायचं. आमच्या घरातली भांडणं म्हणजे मीच बोलायची आणि हे ऐकायचे. हे शाळेत गणित शिकवायचे. बोलणं सगळं तिथेच संपवून घरी यायचे.

माझा स्वभाव नाकावर राग असलेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्या बाईला बघूनच म्हटलं असावं. आता पुढचं सांगते म्हणजे पटेल.

लॉकडाऊन संपलं, मुलगी बंगळूरला परत गेली. जाताना म्हणाली, मी तिकडेही एक यंत्र लावणार आहे, त्याला आपल्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता लिहून ठेवलाय, ते आधी इथेच येईल. मी म्हटलं, यंत्रापेक्षा तू ये. पुढच्या वर्षी तिने तिथे कोर्टात लग्न केलं. मुलगा कोण, कुठला, हे मला नंतर कळलं आणि त्याचं मला काही वाटलंही नाही. लागलं ते वेगळंच. मी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सौंसरची बस बघत उभी होते आणि एका ओळखीच्या बाईने मला विचारलं, "पेढे कवा देऊन राहिली वो? पोरीचं लग्न झालं म्हणते." साऱ्या पंचक्रोशीचे जन्म, मरणं, सोयरिकी ज्या बाईच्या कानावरून गेल्या, तिला तिच्या लेकीचं लग्न बसस्टँडवर कळलं.

मी तिथूनच फोन लावला. ती म्हणत होती, आई, तू ओरडशील म्हणून, येऊन समोरासमोर सांगणार होते. मी ऐकून घेतलं नाही. "या घराचं दार तुले बंद," असं मी लोकांच्या देखत ओरडले आणि फोन कापला. नंतर तिने तीनदा केला, मी तीनदा कापला. चौथ्यांदा आला नाही. चौथ्यांदा मी उचलणार होते, हे तिला कुठून कळणार?

हे यावरही काही बोलले नाहीत. फक्त एक झालं. आयुष्यात देवळाची पायरी न चढलेला हा माणूस त्या महिन्यापासून दर शनिवारी स्कूटर काढून जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जायला लागला. दुपारी प्रसाद घेऊन यायचे, माझ्या हातावर ठेवायचे. मी मनात म्हणायची, जा, माग देवाकडे, मला सांगायची हिंमत नाही तर.

महिनाभराने एके दिवशी माझा राग त्या लॅपटॉपवर निघाला. तिचं काही घरात नको म्हणून मी तो बंद करायला बसले. बंद करायच्या आधी पडद्यावरची ती खिडकी उघडली, ज्यात जोडलेल्या यंत्रांची यादी असते. काही आपण ज्यांच्याकडे गेलो ती, काही आपल्याकडे आलेली. प्रत्येक यंत्राच्या नावापुढे मालकाला एखादा शब्द लिहिता येतो. बहुतेक लोक लिहीत नाहीत. येणाऱ्यांत तिसऱ्या ओळीवर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, संत्रा. आमच्या संत्र्यांच्या मुलखातली पोर सोडून असा शब्द कोण लिहील? दार बंद म्हणून मी ओरडले होते आणि ती महिनाभर रोज दारात येऊन बसली होती. मी तिथे बसून पोटभर रडले. मशीन बंद केलं नाही.

तेव्हापासून सकाळचा चहा झाला की मी यादी उघडायची. संत्रा आहे? आहे. मग मी भाजी चिरायला घ्यायची. फोन करायचं मात्र मनात आणायची नाही. का नाही, ते विचारू नका. मीच बंद केलेलं दार मीच कसं उघडू, असं काहीतरी होतं. दोनअडीच वर्षं अशी गेली. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली लेकरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायला येतात, त्यांच्या हातावर नाणी ठेवताना वाटायचं, एवढंच काय ते आपल्याकडे येणं उरलं. आणि ती एक ओळ.

मग गेल्या हिवाळ्यात शेजारच्या रामाकोना गावाकडून कापसाची एक ट्रॉली आली. कापूस दोन्ही बाजूंनी फुगलेला, वर विजेच्या तारांना टेकेल एवढा. आमच्या गल्लीतल्या खांबावरची इंटरनेटची तार तिच्यात अडकली आणि ट्रॉली ती ओढत चौकापर्यंत घेऊन गेली. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नव्हता. केबलवाला आला, चाळिशीचा, चांगला माणूस, संध्याकाळपर्यंत त्याने नवी तार टाकली, आम्हाला नव्या लाइनवर घेतलं. टीव्ही लागला, यांची बातम्यांची बडबड सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी उघडली. जाणारे दहा, येणारे शून्य.

मी केबलवाल्याला बोलावलं. त्याने सगळं बघितलं. "काकू, चालून तर राहिलं. सीरियल दिसून राहिली, फोन चालून राहिला. आता काय पायजे?"

"भाऊ, आपण सगळ्यांकडे जाऊन राहिलो, आपल्याकडे कोणी येत नाई."

त्याने माझ्याकडे फार दयेने बघितलं. "पोरं बाहेर गेली का असंच होते काकू. मन रमवा कशात तरी."

मला हसू आलं आणि राग पण आला. मी त्याला खुर्चीवर बसवून यादी दाखवली. मग तो वरच्या कोणाला तरी फोन लावून बोलला आणि मला म्हणाला, "नव्या लाइनवर अख्ख्या गल्लीले बाहेरून एकच पत्ता असते काकू. जाता सगळ्यांले येते. येणाऱ्याले समजत नाई, कोणाच्या घरी जायचं."

हे मला एका क्षणात समजलं. आमच्या वेळी एका कारखान्याचा असाच एकच नंबर होता. आतून दहा टेबलांवरचे लोक बाहेर फोन लावायचे, पण बाहेरचा फोन आला आणि कारखान्याच्या बोर्डावर कोणी नसलं की घंटा वाजत राहायची. कोणाचा फोन होता ते कधी कळायचं नाही. आमच्या गल्लीच्या बोर्डावर कोणीच बसलेलं नव्हतं. ती घंटा बंगळूरहून कुठेतरी वाजत असेल, या विचाराने मी लगेच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

हेल्पलाइनवाले म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. मी बस पकडून पांढुर्ण्याला गेले. आता पांढुर्णा जिल्हा झाला आहे, पण केबल कंपनीचं ऑफिस मात्र जुन्या एक्सचेंजच्या मागच्या बोळातच निघालं. तिथल्या माणसाने विचारलं, "घरासाठी वेगळा पत्ता कायले पायजे? कॅमेरा लावून राहिले का?" इकडे लोक दुकानावर कॅमेऱ्याने नजर ठेवायलाच असा पत्ता घेतात. पैसे जास्त पडतील म्हणाला. मी म्हटलं, पेन्शन माझी आहे. त्याने फॉर्ममध्ये कारण म्हणून कॅमेरा लिहिलं. मी ते खोडून लिहिलं, बाहेरून येणाऱ्यांसाठी. त्याने शिक्का मारला.

आणखी तीन चकरा मारल्यावर, दीड महिन्याने आमच्या घराला स्वतःचा पत्ता मिळाला. आता राउटरला सांगायचं होतं की आठ-तीन-तीन-तीन नंबरच्या दारावर कोणी आलं तर त्याला या लॅपटॉपकडे पाठव. मुलीने वहीत लिहून ठेवलेलं होतं, ते बघून मी भरलं. यादी उघडली. येणारे शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य. फक्त देव पाण्यात ठेवायचे बाकी होते. मग बोर्डावरची जुनी रीत आठवली: लाइन मुकी असली की या टोकापासून एकेक जोड तपासत जायचं, मधला जोड सोडायचा नाही. तपासत गेले तर काय, मध्ये वीज गेली होती आणि आल्यावर राउटरने घरातल्या सगळ्या वस्तूंना नवे नंबर वाटले होते. लॅपटॉपचा नंबर टीव्हीला गेला होता. दोन दिवस जगभरची यंत्रं आमच्या टीव्हीचं दार ठोठावत होती आणि हे त्याच्यावर कुस्ती बघत बसले होते.

मी लॅपटॉपचा नंबर कायमचा पक्का केला. तासाभरात एक आला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत सात झाले. कुठलेकुठले, नावगाव माहीत नसलेले. मी शिरा केला. हे म्हणाले, आज काय आहे? मी म्हटलं, पाहुणे आलेत. त्यांनी दाराकडे बघितलं आणि शिरा खाल्ला.

पण संत्रा आला नाही.

मला वाटलं, आज नाही तर उद्या. सकाळी चहा झाला की बघायची, दुपारी बघायची, दिवेलागणीला बघायची. येणारे कधी नऊ, कधी अकरा. त्या परक्यांचाच मला राग यायला लागला. आठवड्याने भाजी चिरता चिरता माझा हात थांबला आणि मी कपाळ बडवलं. पत्ता नवा. तिच्या यंत्रात जुना पत्ता लिहिलेला. ती अजून त्या जुन्या दारावर धक्के मारत असणार, जिथे आता घरच नाही. मी इकडे दार सताड उघडून बसले होते आणि ते कुठे आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि यात मध्ये ऑपरेटर नसतो.

तो शनिवार होता. हे जामसांवलीहून आले, प्रसाद पुढे केला. मी तो घेतला नाही. मी रडत होते. सगळं सांगून टाकलं, ती ओळ, ती ट्रॉली, तो पत्ता, सगळं. हे खुर्चीवर बसले. टोपी काढून हातात घेतली.

मग म्हणाले, "ती दोन महिन्यांपासून एकच विचारून राहिली. आईनं मशीन बंद केलं का म्हणून."

मला आधी कळलंच नाही. "कोण विचारून राहिली?"

"पोरगी. दर शनवारी बोलतो मी तिच्याशी. देवळाबाहेर नारळवाल्यापाशी बसून." वर म्हणाले, "दर्शन पण घेतो. खोटं कायले बोलू."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी पांढुर्ण्याच्या चकरा मारत होते, फॉर्म भरत होते, आणि माझ्या घरातला हा मुका माणूस दोनअडीच वर्षं तिच्याशी बोलत होता. मला भयंकर राग यायला हवा होता. आलाही, पण फार टिकला नाही, कारण मला दुसरंच विचारायचं होतं.

"तुम्ही काय सांगितलं तिले?"

"म्या म्हटलं, मले त्यातलं काय समजते, लाइट तर जळून राहिला." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "तर म्हणाली, बाबा, लाइट जळते तर मंग आई मले येऊ काऊन देत नाई?"

दोन महिने. दोन महिने ती समजत होती की मी शेवटी ती ओळही पुसली. तिचे तीन फोन कापले त्यापेक्षा हे मोठं होतं. तेव्हा निदान मी रागात होते. आता मी काही केलंच नव्हतं आणि तरी तिच्यापर्यंत तेच पोहोचलं होतं.

"लावा फोन," मी म्हटलं. "सांगा तिले, पत्ता बदलला. मी लिहून देते."

त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "तू सांग. ते आकडे मले चुकतील."

गणिताचा मास्तर आणि म्हणे आकडे चुकतील. पण तोवर पलीकडे घंटा वाजायला लागली होती. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, कोण काय बोलेल याची कधी फिकीर केली नाही. त्या दिवशी मात्र केली.

"हॅलो, बाबा? परत केला? बरं आहे ना सगळं?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मशीन बंद नाई केलं म्या. तार तुटली होती. पत्ता बदलला. लिहून घे."

मी चष्मा लावून आकडे सांगायला लागले, एकेक करून, बोर्डावर सांगायची तसे सावकाश. पहिला तुकडा सांगितला आणि थांबले. पलीकडे शांत. मग बारीक आवाजात तो परत म्हटला गेला. दुसरा सांगितला, तो आला. तिसरा आला. चौथा म्हणताना तिचा आवाज फुटला, पण आकडा बरोबर होता.

आकडे संपले. लग्नाला तीन वर्षं होत आली होती, जावई कसा आहे हे मी विचारलं नव्हतं, ती काय रांधते, कुठे राहते, काहीच नाही. एवढं साठलं की एकही शब्द पुढे येत नाही. मी त्या लेकी सासरी दिलेल्या बायांसारखी नुसती नाक ओढत बसले. ती पण तेच करत होती, मला ऐकू येत होतं. हे उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी वाजवायला लागले.

किती वेळ गेला कोण जाणे. मग ती म्हणाली, तंतोतंत माझ्या आवाजात, "तीन मिनिटं झाली. वाढवायचे का?"

"वाढव," मी म्हटलं. "आणि म्या कापला तर परत लाव."